लबुबूच्या बंद डब्यात नेमकं काय विकलं जातं? महागड्या बाहुल्यांच्या छंदाचा हिशोब

10 जून 2025. बीजिंगच्या योंगले इंटरनॅशनल या लिलावगृहात एका बाहुलीवर बोली लागली होती. बाहुली 131 सेंटिमीटर उंच, म्हणजे साधारण आठ-नऊ वर्षांच्या मुलाएवढी. रंग पुदिन्यासारखा हिरवा, कान सशाचे आणि तोंडभर टोकदार दात. ती विकली गेली 10 लाख 80 हजार युआनला. आपल्या पैशांत साधारण सव्वा कोटी रुपये. तेवढ्यात पुण्या-मुंबईत फ्लॅट शोधणारी कित्येक कुटुंबं आहेत.

या बाहुलीचं नाव लबुबू. तिची तळहाताएवढी भावंडं तुम्ही कुणाच्या ना कुणाच्या बॅगेला लटकलेली पाहिलीच असतील. अनन्या पांडेच्या बॅगेला दिसली, मग रील्समध्ये दिसली, मग कॉलेजच्या कट्ट्यावर आणि शेवटी गल्लीतल्या खेळण्यांच्या दुकानात दीड-दोनशे रुपयांना. त्यानंतर घराघरात तोच वाद सुरू झाला. मुलगी म्हणते, माझ्या पैशांनी घेतेय. आई म्हणते, एवढ्या पैशांत दोन ड्रेस आले असते. आणि बाबा विचारतात, या वयात बाहुल्या?

यातल्या बाबांच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. आईच्या प्रश्नाचं थोडं अवघड आहे. पण ‘मी नेमकं काय विकत घेतेय?’ हा प्रश्न मात्र या वादात फारसा कुणी विचारत नाही. सगळी गोम तिथंच आहे.

लबुबू आली कुठून?

कासिंग लुंग नावाचे एक चित्रकार आहेत. जन्म हाँगकाँगचा, पण लहानपणीच कुटुंबासोबत नेदरलँड्सला गेले आणि तिथंच वाढले. युरोपातल्या उत्तरेकडच्या देशांच्या परीकथा आणि भुताखेतांच्या गोष्टी वाचत मोठे झाले. त्यातून 2015 मध्ये त्यांनी ‘द मॉन्स्टर्स’ ही चित्रपुस्तकांची मालिका काढली. लबुबू त्यातलं एक पात्र. स्वभावाने चांगली, मदत करायला जाते आणि हमखास गोंधळ घालून बसते.

2019 मध्ये पॉप मार्ट या चिनी कंपनीने लुंग यांच्याशी करार केला. ही कंपनी वांग निंग यांनी 2010 मध्ये बीजिंगमध्ये सुरू केली होती. सुरुवातीला हे साधं गिफ्ट-खेळण्यांचं दुकान होतं. तिथं जपानच्या ‘सॉनी एंजल’ या छोट्या बाहुल्या जोरात खपतात, असं लक्षात आलं. त्या बंद डब्यात मिळायच्या, आत कोणती आहे ते उघडल्यावरच कळायचं. मग 2016 मध्ये पॉप मार्टने हाँगकाँगच्या केनी वाँग यांची ‘मॉली’ ही बाहुली त्याच पद्धतीने विकायला काढली. कंपनीचं नशीब तिथं पालटलं. डिसेंबर 2020 मध्ये ती हाँगकाँगच्या शेअर बाजारात आली.

लबुबूचा मात्र इतका गाजावाजा नव्हता. ऑक्टोबर 2023 मध्ये ती मऊ केसाळ अंगाची, बॅगेला लटकवता येणारी बाहुली म्हणून आली आणि एप्रिल 2024 मध्ये ब्लॅकपिंकच्या लिसाने तिच्यासोबतचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला. आधी थायलंड पेटलं, मग आग्नेय आशिया, मग अमेरिका-युरोप. मे 2025 मध्ये ब्रिटनमध्ये रांगेत हाणामाऱ्या होऊ लागल्या, तेव्हा कंपनीला तिथल्या दुकानांतली लबुबूची विक्री थांबवावी लागली.

कंपनीचे आकडे बघा. 2024 मध्ये एकूण विक्री 1,304 कोटी युआन. त्यातले 304 कोटी एकट्या ‘द मॉन्स्टर्स’चे, म्हणजे आदल्या वर्षाच्या आठपटीहून जास्त. 2025 च्या पहिल्या सहा महिन्यांतच विक्री 1,388 कोटी युआनवर गेली, म्हणजे आदल्या अख्ख्या वर्षाला मागे टाकलं. या सहामाहीत कंपनीचं ढोबळ नफ्याचं प्रमाण 70 टक्क्यांच्या वर होतं. सोप्या भाषेत, 100 रुपयांची बाहुली विकली तर ती बनवण्याचा खर्च 30 च्या आसपास.

आता कुणी म्हणेल, ब्रँडेड बुटांचं आणि पर्सचं तरी वेगळं काय असतं? बरोबर आहे. पण बूट घेताना डब्यात काय आहे ते माहीत असतं.

डब्यातलं गणित

चीनमध्ये लबुबूच्या ‘बिग इनटू एनर्जी’ मालिकेच्या एका डब्याची किंमत 99 युआन आहे. अंदाजे 1,200 रुपये धरू. मालिकेत सहा नेहमीच्या बाहुल्या आणि एक ‘सीक्रेट’. सीक्रेट निघण्याची शक्यता 72 त 1. ही माहिती लपवलेली नाही, कंपनी ती स्वतःच देते. पण ‘72 त 1’ चा खरा अर्थ किती जणांना कळतो, हा मुद्दा आहे.

बहुतेकांना वाटतं, 72 डबे घेतले की एक सीक्रेट नक्की. तसं नसतं. वेगवेगळ्या ठिकाणांहून सुटे 72 डबे घेतले, तर त्यात एकही सीक्रेट न निघण्याची शक्यता सुमारे 37 टक्के उरते. म्हणजे 86 हजारांच्या पुढे खर्च करूनही तीनातला एक माणूस रिकाम्या हाताने घरी जातो. अगदी रिकाम्या नाही म्हणा, त्याच्याकडे 72 बाहुल्या असतात. त्यातल्या 66 दुबार.

सीक्रेटचा नाद सोडा. फक्त सहाच्या सहा नेहमीच्या बाहुल्या हव्यात आणि तुम्ही एकेक सुटा डबा घेताय, असं समजू. पहिल्या डब्यात जे निघेल ते नवीनच असणार. दुसऱ्यातही बहुधा नवीन. पण पाच जमल्या आणि एकच राहिली की खेळ बदलतो. आता प्रत्येक डब्यात हवी ती निघण्याची शक्यता सहात एक, म्हणजे त्या शेवटच्या एकीसाठी सरासरी सहा डबे लागतात. पूर्ण संच जमवायला एकूण सरासरी 14 ते 15 डबे. सहा बाहुल्यांचे 7,200 रुपये होतात, पण खर्च होतात जवळपास 18 हजार. सहा डब्यांचा अख्खा खोका घेतला तर त्यात साधारणपणे दुबार येत नाहीत. म्हणजे ज्याच्याकडे एकदम पैसे आहेत त्याला संच स्वस्त पडतो आणि पॉकेटमनीतून महिन्याला एक डबा घेणाऱ्याला महाग. तरुण मुलांचा छंद म्हणून ही गोष्ट विकली जाते, तेव्हा हा उलटा हिशोब आठवावा असा आहे.

आपल्याकडे ज्यांचं बालपण किराणा दुकानासमोर गेलं, त्यांना ही युक्ती नवी नाही. पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या चिठ्ठ्या, आठ आण्याला एक फाडायची आणि वरच्या बाजूला टांगलेली मोठी बंदूक कधीच कुणाला लागायची नाही. बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची कार्डं मिळायची, त्यातही सचिन सोडून बाकी सगळे निघायचे. फरक रकमेचा आहे आणि वेगाचा. तेव्हा आठ आणे संपले की खेळ संपायचा. आता पॉप मार्टच्या ‘पॉप नाऊ’ सारख्या सोयीत डबा मोबाइलच्या पडद्यावरच निवडायचा, हलवून बघायचा आणि उघडायचा. बाहुली नंतर कुरिअरने येते. पुढचा डबा एका टॅपवर असतो.

मेंदूचं काय होतं, हे मानसशास्त्राला बऱ्याच आधीपासून माहीत आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी गेल्या शतकात उंदीर आणि कबुतरांवर प्रयोग केले. कळ दाबली की दर वेळी खाऊ मिळतो, तेव्हा प्राणी भुकेपुरतं दाबतो. खाऊ कधी मिळेल याचा नेम नसला की तो दाबतच राहतो. स्लॉट मशीन याच तत्त्वावर चालतं. ब्लाइंड बॉक्समध्ये दर वेळी काहीतरी मिळतं, म्हणून कायद्याने तो जुगार ठरत नाही. पण ‘हवी ती’ बाहुली कधी मिळेल याचा नेम नसतो, आणि डबा फोडतानाचा तो क्षण नेमका त्याचमुळे रील करण्यासारखा होतो.

मग छंद वाईट आहे का?

इथे बाबांच्या प्रश्नाकडे वळू. मोठ्या माणसांनी बाहुल्या जमवण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, आणि आपल्या मातीत तर मुळीच नाही. चैत्रगौरीसमोर खेळणी मांडून आरास करणाऱ्या आज्या होत्या आणि आहेत. दिवाळीच्या किल्ल्यासाठी पुण्याच्या कुंभारवाड्यातून मातीचे मावळे आणायचे, गेल्या वर्षीचे फुटले असतील तर तेवढेच नवे घ्यायचे, महाराजांची मूर्ती मात्र जपून कापसात गुंडाळून माळ्यावर ठेवायची. हा संग्रहच आहे. त्याला कुणी कलेक्टिबल म्हणत नाही एवढंच.

दिल्लीतलं शंकर्स इंटरनॅशनल डॉल्स म्युझियम तर एका माणसाच्या बाहुलीवेडातून उभं राहिलं. व्यंगचित्रकार के. शंकर पिल्लई मुलांसाठी चित्रस्पर्धा घ्यायचे. हंगेरीच्या राजदूताने बक्षीस म्हणून द्यायला त्यांच्याकडे एक बाहुली दिली आणि शंकर तिच्या प्रेमातच पडले. मग जिथे जातील तिथून बाहुल्या आणू लागले. 1965 मध्ये संग्रहालय उघडलं. आज तिथे 85 देशांमधल्या हजारो बाहुल्या आहेत.

महागड्या बाहुल्यांचाही एक वेगळा प्रकार जगात आहे, आणि लबुबूशी त्याची तुलना करून बघण्यासारखी आहे. जपानच्या वोक्स कंपनीने 1999 मध्ये ‘सुपर डॉल्फी’ नावाची बाहुली काढली. हातापायांच्या सांध्यात गोळे आणि आतून ताणलेलं इलॅस्टिक, त्यामुळे ती हवी तशी बसते, उभी राहते. अशा बाहुल्यांना बॉल-जॉइंटेड डॉल किंवा थोडक्यात बीजेडी म्हणतात. डोळे बदलता येतात, केसांचा टोप बदलता येतो, चेहरा पुसून पुन्हा रंगवता येतो. नामांकित कंपनीची एक बाहुली घ्यायची तर भारतीय पैशांत अर्ध्या लाखाच्या घरात सहज जाते. म्हणजे लबुबूच्या एका डब्याच्या कितीतरी पट.

तरीही हा छंद जास्त धडधाकट वाटतो. का? कारण किंमत समोर लिहिलेली असते. कोणती बाहुली, कोणता चेहरा, सगळं आधी ठरवून मागवता येतं. लोक वर्षभर पैसे साठवून एक घेतात. आणि खरा छंद बाहुली घरी आल्यावर सुरू होतो. तिच्या मापाचे कपडे शिवणं, डोळ्यांभोवती बारीक ब्रशने रंगकाम, छोटं फर्निचर बनवणं, फोटोग्राफी. यातून शिवणकाम शिकलेली मुलं आहेत, चेहरे रंगवून देऊन पैसे कमावणारी आहेत. ब्लाइंड बॉक्समध्ये मात्र सगळ्यात मोठी मजा डबा उघडताना संपते आणि ती परत हवी असेल तर दुसरा डबा घ्यावा लागतो.

लबुबूवाल्यांवर अन्याय नको. तिला छोटे कपडे शिवणारी, चष्मे घालणारी मंडळी आहेत. दुबार बाहुल्यांची अदलाबदल करताना झालेल्या मैत्री आहेत. आणि तरुणांच्या बाजूने एक गोष्ट बोललीच पाहिजे. घर घेणं हातातलं राहिलेलं नाही, गाडीचा हप्ता डोक्यावर आहे, अशा वेळी हजार-बाराशेची एक वस्तू आपल्या मनासारखी घेता येणं, यात मूर्खपणा नाही. वडिलांच्या पिढीने कॅसेट्स जमवल्या, काकांनी काडेपेट्यांची लेबलं आणि टपाल तिकिटं. ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ हे वाक्य बहुतेक वेळा विसरभोळेपणातून येतं.

‘अगं, ही तर गुंतवणूक आहे’

या छंदाचा सगळ्यात धोकादायक भाग हे वाक्य आहे. ते बाहुली विकणारा म्हणत नाही, घेणारा स्वतःला म्हणतो.

सव्वा कोटीच्या लिलावाची बातमी वाचली की वाटतं, आपल्या कपाटातल्या सहा बाहुल्याही कधीतरी अशाच. पण लिलावातली ती बाहुली माणसाएवढी आणि अत्यंत दुर्मीळ होती. तुमच्या बॅगेला लटकलेली कारखान्यात लाखोंनी बनते. त्याच महिन्यात काय झालं ते बघा. लिलावाला आठ-दहा दिवस होतात न होतात तोच पॉप मार्टने 18 जूनला ऑनलाइन मोठा साठा विक्रीला खुला केला. दुय्यम बाजारात, म्हणजे लोक एकमेकांना विकतात तिथे, काही लोकप्रिय संचांचे भाव जवळपास निम्म्यावर आले. रातोरात. काळ्या बाजारवाल्यांनी खोकेच्या खोके साठवून ठेवले होते, ते अडकले. टंचाई ही निसर्गाने केलेली नव्हती. कंपनीने नळ थोडा सोडला आणि भाव पडला. नळ कंपनीच्याच हातात आहे, हे ‘गुंतवणूकदारा’ने विसरू नये.

असं पूर्वी एकदा अगदी ठळकपणे घडलं आहे. अमेरिकेत 1993 मध्ये टाय वॉर्नर यांच्या कंपनीने ‘बीनी बेबीज’ बाजारात आणल्या. कापडी प्राणी, आत प्लास्टिकचे दाणे, किंमत पाच डॉलर. वॉर्नर यांनी मोठ्या दुकानसाखळ्यांना माल दिला नाही, छोट्या गिफ्टच्या दुकानांनाच दिला. मग काही प्राणी ‘निवृत्त’ करायला सुरुवात केली, म्हणजे हा हत्ती यापुढे बनणार नाही. झालं. पाच डॉलरचे प्राणी शेकडो, काही हजारो डॉलरना विकले जाऊ लागले. तेव्हा नवीनच असलेल्या ईबे या वेबसाइटच्या वाढीत या खेळण्यांचा मोठा हात होता. भावांची पुस्तकं निघाली, कोणता प्राणी पुढे किती रुपये देईल याचे अंदाज छापून यायला लागले. लेबल चुरगळू नये म्हणून त्यावर प्लास्टिकची टोपी घालायची पद्धत पडली. लहान मुलांनी हात लावायचा नाही, असं खेळणं.

1999 चा एक फोटो आजही इंटरनेटवर फिरतो. लास वेगासच्या कोर्टात घटस्फोट घेणारं एक जोडपं जमिनीवर बसून बीनी बेबीजचा ढीग एकेक करून वाटून घेतंय. न्यायाधीशांसमोर. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपनीने जाहीर केलं की 31 डिसेंबरला सगळ्याच बीनी बेबीज बंद. लोक पुन्हा तुटून पडतील असा हिशोब असावा. पण हवा निघायला लागली होती. मग कंपनीने ग्राहकांचं मतदान घेतलं, ‘सुरू ठेवा’ असा कौल आला आणि उत्पादन सुरू राहिलं. भाव मात्र परतले नाहीत. मुलांच्या कॉलेजचा खर्च यातून निघेल म्हणून खोके भरून ठेवलेल्या घरांत ते खोके तसेच राहिले. वॉर्नर अब्जाधीश झाले.

लबुबूचं तंतोतंत असंच होईल असं नाही. पॉप मार्टकडे लबुबूशिवायही बरीच पात्रं आहेत, कंपनी टिकेलही. पण कंपनी टिकणं आणि तुमच्या कपाटातल्या बाहुलीचा भाव टिकणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वतःला एकच प्रश्न विचारून बघा: उद्या ही कुणीच परत विकत घेणार नाही हे माहीत असतं, तरी आज एवढे पैसे दिले असते का? ‘हो, कारण मला ती आवडते’ असं उत्तर आलं तर खुशाल घ्या.

सरकारं काय म्हणतात?

ज्या देशात हा धंदा वाढला, त्या चीनलाच त्याची काळजी वाटू लागली. जानेवारी 2022 मध्ये तिथल्या केएफसीने पॉप मार्टच्या ‘डिमू’ या बाहुलीबरोबर जेवणाची योजना काढली. बाहुल्यांसाठी एका ग्राहकाने एका दमात 10,494 युआनची 106 जेवणं घेतली. काही जण तर अन्न दुसऱ्याला खायला देऊन फक्त बाहुली घेत होते. अन्नाची नासाडी होतेय म्हणून चीनच्या ग्राहक संघटनेने जाहीर टीका केली.

जून 2023 मध्ये चीनच्या बाजार नियामकाने ब्लाइंड बॉक्ससाठी मार्गदर्शक नियम काढले. आठ वर्षांखालच्या मुलांना विकायचं नाही. त्यावरच्या अल्पवयीन मुलांना विकताना पालकांची संमती हवी. आत काय काय असू शकतं आणि कोणती वस्तू निघण्याची शक्यता किती, हे आधीच सांगायचं. जून 2025 मध्ये ‘पीपल्स डेली’ या सरकारी वृत्तपत्राने नियम आणखी कडक करा असा लेख छापला आणि पॉप मार्टचा शेअर लगेच घसरला.

भारतात ब्लाइंड बॉक्स असा शब्द असलेला कायदा नाही. खेळण्यांसाठी मात्र आहे. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. आयात शुल्क फेब्रुवारी 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 टक्के झालं, 2023 मध्ये 70 टक्के. देशी खेळणी उद्योगाला बळ मिळावं हा हेतू. आपल्याकडे या बाहुल्या इतक्या महाग का, याचं अर्धं उत्तर या शुल्कात आहे, उरलेलं मधल्या विक्रेत्यांच्या नफ्यात.

पण पॉप मार्टच्या डब्यावर 15 वर्षांवरील ग्राहकांसाठी असं लिहिलेलं असतं. मग ती खेळणं आहे की शोभेची वस्तू? कागदावर ती मोठ्यांसाठी आहे आणि प्रत्यक्षात पाचवीतल्या मुलीच्या दप्तराला लटकलेली आहे. आणि शक्यता किती ते छापा, अमुक वयाखाली विकू नका, असं सांगणारं इथे कुणी नाही. दुसरीकडे एप्रिल 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने 10 वर्षांवरच्या मुलांना स्वतःचं बचत खातं स्वतः चालवण्याची मुभा बँकांना दिली. मुलांना पैशाचे व्यवहार लवकर कळावेत म्हणून हे चांगलंच आहे. पण मुलाच्या हातात खातं आलं की पहिले दुकानदारच त्याच्या दारात उभे राहतात, याची तयारी घरात झालेली नसते.

नकली लबुबू आणि राक्षसाची गोष्ट

नकली लबुबूला इंटरनेटने ‘लफुफू’ असं नाव दिलं आहे. खऱ्या लबुबूला नऊ दात असतात, नकलीला कधी दहा, कधी बारा. गंमत इथपर्यंत ठीक. पण ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने इशारा दिला की नकली बाहुल्यांचे भाग सहज सुटून येतात आणि लहान मुलाच्या घशात अडकू शकतात. गळफासाएवढा धोका दीडशे रुपयांत घरी येऊ शकतो. घरात रांगतं मूल असेल तर ताईच्या बॅगेवरची नकली लबुबू ही फॅशनची बाब राहत नाही.

आणि हो, लबुबूचा पाझुझु नावाच्या प्राचीन राक्षसाशी काहीही संबंध नाही. पाझुझु मेसोपोटेमियातला, लबुबू 2015 च्या चित्रपुस्तकातली. व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड आला म्हणून बाहुली जाळायची गरज नाही. जाळलेल्या प्लास्टिकचा धूर मात्र खरोखर घातक असतो.

तर घ्यायची का?

चौदा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी ब्लाइंड बॉक्स नकोच. बाहुली घ्या, डबा नको. चीनने आठ वर्षांची मर्यादा घातली, पण शक्यतेचं गणित आठव्या वर्षी कळत नाही, बाराव्यालाही नाही. शाळेत टक्केवारी शिकलेल्या मोठ्या माणसांनाही वर दिलेलं 37 टक्क्यांचं उत्तर पटकन सुचत नाही.

पंधरा ते अठरा हे वय सगळ्यात नाजूक, कारण आवड खरी असते आणि पैसे घरचे असतात. इथे ‘नाही म्हणजे नाही’ फार टिकत नाही, मैत्रिणीच्या पत्त्यावर पार्सल येऊ लागतं. त्यापेक्षा वर्षाची एक रक्कम ठरवलेली बरी, आणि त्यात डबा फोडायचा की हवी ती एकच बाहुली ठरलेल्या भावात घ्यायची, हे त्या मुलीलाच ठरवू द्यावं. एकदा दुबार निघाली की हिशोब आपोआप शिकला जातो.

स्वतः कमावणाऱ्यांना कुणी सांगायची गरज नाही, त्यांचे पैसे, त्यांची हौस. अपवाद दोनच. क्रेडिट कार्डच्या हप्त्यावर किंवा ‘आत्ता घ्या, नंतर द्या’ वर बाहुली घेत असाल तर किंमत 1,200 नाही, व्याजासकट मोजा. आणि गेल्या महिन्यात नक्की किती डबे घेतले ते आठवत नसेल, किंवा घरच्यांपासून डबे लपवावे लागत असतील, तर विषय बाहुलीचा राहिलेला नाही. तिथे यूपीआयचा इतिहास उघडून बेरीज करणं हा पहिला उपाय.

घ्यायचं ठरलंच, तर काही गोष्टी बघून घ्या. भारतात रीतसर आयात झालेल्या वस्तूच्या पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता, बनवणारा देश आणि रुपयांतली कमाल किंमत छापलेली असावी लागते. ती नसेल तर पुढे तक्रार कुणाकडे करायची हा प्रश्न उभा राहतो. इन्स्टाग्रामवरून विकणाऱ्याकडे आगाऊ पैसे भरण्याआधी डब्यावरचा क्यूआर कोड आणि बाहुलीच्या चेहऱ्याचा, दातांचा फोटो मागवा. ‘सीक्रेट गॅरंटीड’ असं कुणी म्हणत असेल तर तो डबा आधीच उघडलेला आहे किंवा माणूस खोटं बोलतोय.

आणि एक विशिष्ट रंगच हवा असेल तर डबे फोडत बसू नका. ज्यांच्याकडे दुबार निघाल्या आहेत, ते त्या विकतातच. त्यात भाव थोडा चढा असतो, पण तो आधी कळतो. नवा साठा आल्याची बातमी आली की चार-आठ दिवस थांबा, तोच रंग बहुतेक वेळा स्वस्त झालेला असतो.